माया कोणाची, भार कोणावर?



आपल्या उपनगरांत चहा-कॉफीच्या जागांना तोटा नाही. स्टेशनबाहेरच्या टपरीपासून लिंक रोडवरच्या काचेच्या दुकानांपर्यंत सगळे काही आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यांत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. आपण कॉफी प्यायची, आणि शेजारी असतात रस्त्यावरून उचलून आणलेली, औषधपाणी करून बरी केलेली आणि कोणीतरी घरी नेईल याची वाट पाहणारी जनावरे. कॉफीच्या बिलातून किंवा प्रवेशाच्या पैशांतून त्यांच्या खाण्याचा आणि डॉक्टरांचा खर्च भागवला जातो.

ही कल्पना बाहेरून आली. 1998 साली तैवानमधील तैपेई शहरात मांजरांचा कॅफे निघाला. तेथून ती जपानला गेली आणि मग जगभर पसरली. 2016 साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे दत्तक जाण्याच्या प्रतीक्षेत असलेल्या कुत्र्यांसाठी असा कॅफे उघडला. आपल्या अंधेरीला त्याच्या आधीच, 2015 साली, वर्सोव्यात ‘कॅट कॅफे स्टुडिओ’ सुरू झाला होता. तिथे सोडवून आणलेली मांजरे होती आणि त्यांना दत्तक देण्याची सोय होती. कुत्र्यांसाठी ‘वर्ल्ड फॉर ऑल’सारख्या मुंबईतील संस्था दत्तक मेळावे भरवत आल्या आहेत. काही कॅफे एखाद्या रविवारी आपली जागा प्राणिमित्र मंडळींना देतात.

या विषयावर मिस्सानंतर चर्चच्या आवारात बोलणे निघाले की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले वाक्य असे: “माणसांची लेकरे उपाशी झोपतात आणि इथे कुत्र्यांचे लाड चालले आहेत.” दुसरे त्याच्या अगदी उलट: “ज्याला मुक्या जिवाची दया नाही, त्याला माणसाची काय असणार?” दोन्ही वाक्ये बोलणारी माणसे मनाने चांगली असतात. तरीही वाद पुढे सरकत नाही, कारण दोन्हीकडे एक प्रश्न विचारायचा राहून जातो. आपण ज्याच्यावर माया करतो, त्या मायेचा भार प्रत्यक्षात कोण उचलतो? या लेखात आपण त्याच प्रश्नाचा विचार करू या.

एका रविवारची भेट

गेल्या पावसाळ्यानंतर एका रविवारी आम्ही दोन कुटुंबे मिळून अंधेरी पश्चिमेच्या अशाच एका कॅफेत गेलो होतो. खाण्याची जागा वेगळी आणि कुत्र्यांची खोली वेगळी होती. मध्ये एकापाठोपाठ दोन दारे, म्हणजे एक उघडे राहिले तरी कुत्रा रस्त्यावर धावणार नाही. आत जाण्यापूर्वी चपला काढायच्या, हात धुवायचे. भिंतीवर नियम लिहिले होते. झोपलेल्या कुत्र्याला उठवू नये, उचलून घेऊ नये, आपल्या ताटातले खाऊ घालू नये, लहान मुलांना एकटे सोडू नये. प्रत्येक कुत्र्याच्या नावाचा कागद लावला होता आणि त्यावर चार ओळींत त्याची हकिकत होती.

सहा कुत्रे होते. दोन पिल्लांभोवती लगेच गर्दी जमली. कोपऱ्यात गोणपाटावर एक तांबूस रंगाची कुत्री बसून होती. तिला मागचा एक पाय नव्हता. रिक्षाखाली सापडल्यामुळे तो कापावा लागला होता. ती कोणाच्या अंगावर येत नव्हती, कोणाला बोलावतही नव्हती. येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहायची आणि पुन्हा मान खाली ठेवायची. तिला वाट पाहत चौदा महिने झाले होते. पिल्ले साधारण पंधरा दिवसांत जातात, असे तिथल्या मुलीने सांगितले.

आमच्या सोबतच्या कुटुंबातील मुलीला एक पिल्लू फार आवडले. वडील लगेच फॉर्म मागायला गेले. फॉर्म देणारी मुलगी वीस-बावीस वर्षांची असेल.

“काका, घरी दिवसभर कोण असतं?”

“आम्ही दोघंही नोकरीला. ही शाळेत. पण माझी आई असते ना घरी.”

“आजींना विचारलंत?”

“तिला काय विचारायचं? तिला आवडतात जनावरं.”

“आजींचं वय काय?”

“पंचाहत्तर.”

“मग काका, एकदा आजींना घेऊन या. दुपारी त्याला खाली न्यायचं काम त्यांच्यावरच येणार. त्या स्वतःहून हो म्हणाल्या की फॉर्म भरू.”

वडिलांना ते थोडे लागले. परत येताना त्यांनी बोलूनही दाखवले, “पोरगी फारच कडक आहे.” मला मात्र वाटले की तिने नेमक्या जागी बोट ठेवले. पिल्लू हवे होते मुलीला, हो म्हणत होते वडील, आणि काम पडणार होते आजीवर. आजी तिथे नव्हती, म्हणून तिच्या वतीने त्या परक्या मुलीला बोलावे लागले.

साधा हिशेब करून पाहावा. आपल्याकडचा देशी कुत्रा नीट सांभाळला तर बारा ते पंधरा वर्षे जगतो. बारा वर्षे धरली आणि दिवसातून दोनदाच त्याला खाली नेले, तरी 8,760 फेऱ्या होतात. त्यांत पावसाळ्यातल्या फेऱ्या आहेत, ताप असतानाच्या आहेत, मुलांच्या दहावीच्या वर्षातल्या आहेत, लिफ्ट बंद असतानाच्याही आहेत. दर वर्षी लस, मधूनमधून आजारपण, आणि गावी जायचे म्हटले की त्याला कोणाकडे ठेवायचे हा प्रश्न वेगळाच. कॅफेतला एक तास यात कुठेच बसत नाही. तो तास गोड असतो, कारण बाकीच्या तेवीस तासांचे काम दुसरे कोणीतरी करत असते.

म्हणजे कॅफेत जाणे वाईट, असे मुळीच नाही. आपण दिलेल्या पैशांतून एखाद्या दिवसाची औषधे येतात आणि ती खरी मदत आहे. फक्त ती जेवढी आहे तेवढीच मानावी. तासभर कुरवाळले म्हणजे आपण प्राणिमित्र झालो, असे समजू नये. शिवाय त्या कुत्र्यांनाही विसावा लागतो. दिवसभर नवे नवे हात अंगावरून फिरणे हे प्रत्येक जनावराला मानवत नाही. ज्या ठिकाणी कुत्र्यांना मागे निघून जायला जागा आहे, झोपेची वेळ पाळली जाते आणि दत्तक देताना उलटतपासणी होते, तिथे कॅफे कुत्र्यांसाठी चालतो. जिथे हे नाही, तिथे कुत्रे कॅफेसाठी चालवले जातात. जाणाऱ्याने एवढे पाहून घ्यावे.

आपण त्यांचे काही देणे लागतो का?

कोणी विचारेल, पण मुळात कुत्र्याचे आपण देणे का लागावे? कावळ्याचे लागत नाही, घोरपडीचे लागत नाही.

याचे उत्तर फार जुन्या काळात आहे. जर्मनीतील बॉन शहराजवळ 1914 साली सुमारे 14,000 वर्षांपूर्वीची एक कबर सापडली. तिच्यात एक पुरुष, एक स्त्री आणि कुत्र्याचे एक पिल्लू एकत्र पुरलेले होते. पुढे शास्त्रज्ञांनी पिल्लाचे दात तपासले तेव्हा दिसले की ते सात महिन्यांचेही झाले नव्हते, आणि त्याला ‘डिस्टेंपर’ हा जीवघेणा आजार आधीच होऊन गेला होता. त्या आजारात कोणी पाणी पाजल्याशिवाय, ऊब दिल्याशिवाय पिल्लू आठवडे काढू शकत नाही. शिकारीला किंवा राखणीला त्याचा काही उपयोग नव्हता. तरी कोणीतरी त्याची शुश्रूषा केली होती.

तेव्हापासून, आणि कदाचित त्याच्याही आधीपासून, माणसाने कुत्र्याला आपल्या दारात आणले. त्याची जात आपल्याला हवी तशी घडवली. आज शहरातला कुत्रा जंगलात परत जाऊ शकत नाही. तो आपल्या उकिरड्यावर जगतो आणि आपल्या चाकांखाली मरतो. आपण त्याला परावलंबी केले, म्हणून आपण त्याचे देणे लागतो. ही नुसती दया झाली नाही. दया करावी किंवा न करावी, पण देणे फेडावेच लागते.

आपल्या मुंबईने हे देणे निरनिराळ्या प्रकारे फेडण्याचा किंवा चुकवण्याचा प्रयत्न केला आहे. 1832 च्या जून महिन्यात सरकारच्या कुत्रे मारण्याच्या मोहिमेविरुद्ध कोटात दंगल झाली. मारणाऱ्यांना कुत्र्यामागे आठ आणे मिळत, म्हणून लोकांच्या दारातले कुत्रेही उचलले जाऊ लागले होते. पारशी मंडळी त्यात पुढे होती आणि दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. पण गोष्ट तिथेच थांबली नाही. दोन वर्षांनी, 1834 साली, जमशेटजी जीजीभॉय आणि शहरातील इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ संस्था उभी राहिली. या दुसऱ्या घटनेची आठवण फारशी काढली जात नाही, पण मला ती जास्त मोलाची वाटते. दंगल करायला राग पुरतो. पांजरपोळ चालवायला दर महिन्याला पैसे काढावे लागतात. परळचे जे हॉस्पिटल आपण बैलघोडा म्हणून ओळखतो, तेही असेच एका दानशूर पारशी कुटुंबाच्या देणगीतून 1880 च्या दशकात उभे राहिले.

पुढे महापालिका कित्येक वर्षे भटके कुत्रे मारत राहिली. मुंबईत हे 1994 साली थांबले. मारूनही संख्या कायमची घटत नव्हती. एका गल्लीतले कुत्रे गेले की कचरा तिथेच असे आणि शेजारच्या गल्लीतले कुत्रे त्यावर येत. म्हणून पकडायचे, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून आणले तिथेच सोडायचे, हा मार्ग घेतला गेला. 2001 साली त्याचे केंद्रीय नियम झाले आणि 2023 साली ते नव्याने केले गेले. महापालिकेने 2014 साली गणना केली तेव्हा मुंबईत 95,172 भटके कुत्रे मोजले गेले. कॅफेत सहा किंवा दहा कुत्रे बसतात. त्यावरून लक्षात येईल की दत्तक घेणे हे शहराच्या प्रश्नाचे उत्तर नाही. ते त्या एका कुत्र्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे. शहराच्या प्रश्नाला नसबंदी, लस आणि स्वच्छ कचराकुंडी हीच उत्तरे आहेत, आणि त्यांत कुरवाळण्यासारखे काही नसल्यामुळे त्यांना देणगीदार कमी मिळतात.

ज्याला चावा बसतो त्याचे काय?

आता दुसरी बाजू पाहू. तिला प्राणिप्रेमी मंडळी कधीकधी पुरेसा मान देत नाहीत.

पहाटे चार वाजता वर्तमानपत्रे घेऊन निघणारा मुलगा, दूध टाकणारा, रस्ता झाडणारी सफाई कामगार, रात्रपाळी करून स्टेशनवरून चालत येणारी परिचारिका, गेटवर बसलेला वॉचमन, शाळेच्या वाटेवरचे झोपडपट्टीतले मूल, या सगळ्यांचा भटक्या कुत्र्यांशी रोज संबंध येतो. गाडीतून सोसायटीत जाणाऱ्याचा येत नाही. चावा सहसा पायी चालणाऱ्याला बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने जगात दर वर्षी सुमारे 59,000 माणसे मरतात आणि मरणाऱ्या दर दहांत चार जण पंधरा वर्षांखालील मुले असतात. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमीच कुत्र्यापासून येतो. लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. वेळेवर उपचार केले तर मात्र तो पूर्ण टळतो. जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची, हळद किंवा मिरची लावायची नाही, आणि त्याच दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात लस सुरू करायची. लसीचे सर्व डोस पूर्ण करायचे. हे आपल्या घरातील प्रत्येक मुलाला आणि घरकामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असले पाहिजे.

सोसायट्यांमधली भांडणे याच ठिकाणी सुरू होतात. चौथ्या मजल्यावरची ताई मनापासून रोज संध्याकाळी बिस्किटे टाकते. पण कुठे? तर दुसऱ्या विंगच्या जिन्याखाली. तिथे कुत्रे जमतात, त्या जिन्याने चढणारी आजी घाबरते आणि वॉचमन रात्रभर काठी आपटत बसतो. ताईची माया खोटी नाही. पण त्या मायेचा भार आजीने आणि वॉचमनने उचलला आहे, आणि त्यांना कोणी विचारलेले नाही. 2023 च्या नियमांत म्हणूनच लिहिले आहे की खाऊ घालण्याची जागा जिन्यापासून, प्रवेशद्वारापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी, आणि मुले व वृद्ध ये-जा करतात ती वेळ टाळावी. दया करू नका, असे हे नियम सांगत नाहीत. ती करताना शेजाऱ्याकडे पाठ फिरवू नये, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

2025 साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांचे प्रकरण आले आणि त्यावर देशभर मोठा वाद झाला. 11 ऑगस्टला सगळे कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश निघाला. 22 ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेले आणि हल्ला करणारे सोडून बाकीचे कुत्रे नसबंदी व लस देऊन परत सोडावेत असे ठरले. पुढे 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांतील कुत्रे हलवण्यास आणि तिथे परत न सोडण्यास सांगितले गेले. कोणाला यातला कोणता आदेश पटला, कोणाला नाही. पण 22 ऑगस्टच्या आदेशातील दोन गोष्टी वादाच्या गडबडीत मागे पडल्या. कुत्र्यांच्या बाजूने न्यायालयात आलेल्या व्यक्तींनी प्रत्येकी 25,000 रुपये आणि संस्थांनी प्रत्येकी 2 लाख रुपये कुत्र्यांच्या सोयींसाठी भरावेत, असे न्यायालयाने सांगितले. तसेच ज्यांना रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यायचा आहे त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांचीच राहील, असेही म्हटले. रक्कम योग्य होती की नाही, यावर मतभेद असू शकतात. तत्त्व मात्र साधे आहे. जो माया करतो, त्यानेच तिचा भार उचलावा.

दारातला लाजरस

आता माणूस की कुत्रा, या पहिल्या प्रश्नाकडे वळू.

लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य आणि लाजरस यांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लाजरस दाराशी पडलेला असे आणि कुत्रे येऊन त्याचे फोड चाटत. हा तपशील आपण बहुधा लाजरसाची दुर्दशा दाखवण्यासाठी वापरतो. पण जरा वेगळ्या बाजूने पाहा. त्या दाराबाहेर लाजरस आणि कुत्रे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हते. दोघेही टेबलावरून पडणाऱ्या तुकड्यांची वाट पाहत होते. कुत्र्यांना हाकलल्यामुळे लाजरसाला भाकरी मिळाली नसती. भाकरी अडली होती ती आतल्या टेबलावर.

आपल्या घरखर्चातही असेच असते. कुत्र्याच्या दूध-भाकरीमुळे गरिबाची मदत थांबली, असे क्वचितच घडते. ती थांबते आपल्या लग्नातल्या हॉलमुळे, नव्या मोबाइलमुळे, वर्षातून दोनदा काढलेल्या सहलींमुळे. संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या पेटीत काही न टाकणारा माणूस जेव्हा ‘आधी माणसे, मग कुत्रे’ असे म्हणतो, तेव्हा त्याने आधी माणसांसाठी काय केले, हे विचारणे गैर नाही.

तरीसुद्धा त्या आक्षेपात तथ्य आहे, आणि ख्रिस्तसभेने ते स्पष्ट सांगितले आहे. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथातील 2418 व्या परिच्छेदात दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण त्रास देणे किंवा मारणे माणसाला शोभत नाही. त्याचबरोबर माणसांचे दुःख हलके करण्यासाठी जो पैसा आधी जायला हवा, तो प्राण्यांवर उधळणेही त्याला शोभत नाही. प्राण्यांवर प्रेम करावे, पण माणसाच्या वाट्याचे प्रेम त्यांना देऊ नये. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रातून सृष्टीतील प्रत्येक जिवाचे मोल आपल्याला शिकवले. त्यांनीच 5 जानेवारी 2022 रोजी मुलांच्या जागी कुत्री-मांजरे पाळणाऱ्या जोडप्यांविषयी कडक शब्द काढले आणि त्यावर बरीच टीका झाली. पण ती शिकवण संत योसेफाविषयी होती, आणि तिचा मुख्य भाग अनाथ मुलांना दत्तक घेण्याच्या थोरवीबद्दल होता, हे फार थोड्यांनी वाचले.

‘दत्तक’ हा शब्द आपण मूल आणि कुत्रा दोघांसाठी वापरतो, म्हणून येथे थोडी सावधगिरी हवी. मुलाला आपण आपले नाव देतो, वारसा देतो, आणि ते मोठे होऊन आपल्याला सोडून स्वतःच्या वाटेने जावे म्हणून वाढवतो. कुत्रा आपल्याला सोडून जात नाही, जाब विचारत नाही, आपल्या मताविरुद्ध लग्नही करत नाही. म्हणून त्याच्यावर प्रेम करणे पुष्कळ सोपे आहे. ज्या घरात म्हाताऱ्या आईशी दिवसातून दोन वाक्येही बोलली जात नाहीत आणि कुत्र्याशी मात्र तासभर गप्पा होतात, तिथे कुत्र्याचा दोष नाही. पण त्या घरात आईच्या वाट्याचे काहीतरी दुसरीकडे गेले आहे.

आणि याच्या उलटही पाहिलेले आहे. ज्या घरात कुत्र्याला वेळेवर खाली नेण्याची शिस्त मुलांना लागली, तिथे आजोबांना वेळेवर गोळी देण्याची शिस्तही लागली. खरी काळजी घेण्याची सवय एकदा हाताला लागली की ती एकाच दाराशी थांबत नाही. म्हणून आपण प्रेम कोणावर करतो यापेक्षा कसे करतो, हे आधी पाहावे.

संत नामदेवांची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, त्याने कोरडी भाकरी खाऊ नये म्हणून. या गोष्टीत ऐकणारा तुपाकडे पाहतो. मला भाकरीकडे पाहावेसे वाटते. ती नामदेवांच्या स्वतःच्या जेवणातली होती. तूपही त्यांचेच होते, आणि धावलेही तेच.

आपण काय करावे?

आता आपल्यासाठी चार साध्या गोष्टी.

पहिली, कुत्रा पाळायचा असेल तर पैसे मोजून परदेशी जातीचा विकत घेण्याआधी रस्त्यावरून सोडवलेल्या देशी कुत्र्याचा विचार करावा. तो आपल्या हवेत वाढलेला असतो, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही. बर्फाळ देशांसाठी असलेले दाट केसांचे कुत्रे हौसेने आणायचे आणि मे महिन्यात हैराण झाले की कोणाच्या तरी गळ्यात मारायचे, असे प्रकार उपनगरांत घडतात. त्यांतलेच काही पुढे या निवाऱ्यांत येऊन पडतात.

दुसरी, हो म्हणण्याआधी घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला विचारावे. ती आजी असेल, गृहिणी असेल, घरकामाला येणारी बाई असेल. भार तिच्यावर पडणार असेल, तर निर्णयही तिचाच असावा. ती नाही म्हणाली तर त्यात तिला निर्दय ठरवू नये.

तिसरी, पाळणे शक्य नसेल तर खर्चाचा वाटा उचलावा. एका कुत्रीच्या नसबंदीला आणि लसीला मदत करणे हे वर्षभर बिस्किटे टाकण्यापेक्षा अधिक उपयोगी आहे. मुंबईत ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही संस्था 1985 पासून हे काम करत आहे. खाऊ घालायचेच असेल तर सोसायटीने मिळून जागा आणि वेळ ठरवावी आणि खाऊन झाल्यावर ती जागा स्वतः धुवावी.

चौथी, ज्याला कुत्र्याची भीती वाटते त्याची थट्टा करू नये. ज्याला एकदा चावा बसला आहे, किंवा ज्याच्या मुलाला बसला आहे, त्याची भीती खरी असते. तो पापी नाही आणि प्राण्यांचा शत्रूही नाही. आपला कुत्रा जिन्यात असताना पट्टा हातात असणे हा त्याचा हक्क आहे.

या आठवड्यात कोणाला वेळ झाला तर अशा एखाद्या कॅफेत किंवा दत्तक मेळाव्यात मुलांना जरूर न्यावे. पिल्लांशी खेळू द्यावे. पण निघण्याआधी कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या, लंगड्या, कोणी न विचारलेल्या कुत्र्यापाशीही पाच मिनिटे बसावे, आणि त्याला रोज कोण अंघोळ घालते, त्याचे औषध कोण आणते, रात्री तिथे कोण झोपते, हे मुलांना तिथल्या माणसांना विचारू द्यावे. मुलांना दया शिकवावी लागत नाही, ती त्यांच्यात असते. शिकवावे लागते ते हे, की आपल्या प्रत्येक मायेच्या मागे कोणाचे तरी हात राबत असतात. ते हात आपले असावेत. निदान ते कोणाचे आहेत हे आपल्याला ठाऊक असावे, आणि त्यांना आपण विचारलेले असावे.